मुलीच्या वहीतल्या तीन ओळी

प्रश्न : माझी मुलगी कम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मार्क चांगले आहेत. नेटवर्क सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत इंटर्नशिप मिळाली, पण तीन आठवडे ती फक्त टेस्टिंग करते आहे. विचारलं तर म्हणाली, 'नावावरून पत्ता शोधताना खोटी उत्तरं देणारा कोड लिहितेय.' तिची वही पाहिली, त्यात '१९२.०.२.१० दे', 'नाव नाही म्हण', 'गप्प राहा' असल्या ओळी होत्या. टेस्टिंगमध्ये अडकली तर डेव्हलपर कधी होणार? मी तिला न सांगता तिच्या नावाने दोन ठिकाणी अर्ज भरले आहेत. ही इंटर्नशिप सोडायला तिला कसं पटवू? – एक वडील

उत्तर : पटवू नका. आणि ते दोन अर्ज आजच तिला सांगून टाका.

तुमच्या पत्रात मला काळजी वाटली ती त्या अर्जांची. उद्या तिथून फोन येईल तो तिला. ती म्हणेल, 'मी अर्ज केलाच नाही.' समोरच्या माणसाच्या लेखी ती बेजबाबदार ठरेल, आणि त्याच क्षणी तिला कळेल की वडिलांनी आपल्या नावाने आपल्यामागे काहीतरी केलं. तीन आठवड्यांत तुम्ही तिची वही वाचलीत, अर्ज भरलेत, मला पत्र लिहिलंत. तिला मात्र एकदाच विचारलंत, आणि तिने एका ओळीत उत्तर दिल्यावर पुढचा प्रश्न विचारला नाहीत. तुमचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. पण एकवीस-बावीस वर्षांची मुलगी घरी कामाबद्दल बोलायची बंद होते ती अशानेच. नंतर ती खरोखर अडचणीत असेल तेव्हाही तुम्हाला पत्ता लागत नाही.

आता तुमचा गैरसमज. ज्याला कोड जमत नाही तो टेस्टिंग करतो, असं तुम्ही धरून चालला आहात. तिच्या वहीतल्या तीन ओळीच वेगळं सांगतात. प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनशी बोलण्याआधी सहसा नाव देऊन तिचा आकड्यांतला पत्ता विचारतो. ही डीएनएसची व्यवस्था १९८३ पासूनची. टेस्ट चालवताना हा प्रश्न खऱ्या नेटवर्कवर गेला, तर आज पास झालेली टेस्ट उद्या नापास होते आणि कोडमध्ये एक अक्षरही बदललेलं नसतं. त्याहून मोठी अडचण अशी की खऱ्या नेटवर्ककडून बिघाड मागवता येत नाही. 'नाव अस्तित्वातच नाही' हे एक उत्तर आहे. त्यावर लगेच थांबायचं आणि वापरणाऱ्याला सांगायचं. 'काहीच उत्तर नाही' ही वेगळी परिस्थिती. तिथे थोडं थांबून पुन्हा विचारायचं. लिनक्सवर सहसा एका सर्व्हरची ५ सेकंद वाट पाहिली जाते आणि एकूण २ वेळा विचारलं जातं. तेवढा वेळ प्रोग्रॅमचा पडदा गोठून राहिला तर? एका नावाला दोन पत्ते मिळाले आणि पहिला बंद असला तर? हे प्रश्न सोडवल्याशिवाय नेटवर्क सॉफ्टवेअर विकता येत नाही. मुलगी हीच प्रत्येक परिस्थिती काही मिलिसेकंदांत, हवी तेव्हा, हवी तितक्या वेळा उभी करते आहे. तिची 'खोटी उत्तरं' म्हणजे रंगीत तालीम आहे.

आणखी एक बारकावा. १९२.०.२ ने सुरू होणारे पत्ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत, इंटरनेटवर ते कुणालाही दिले जात नाहीत. त्यामुळे टेस्टमधून चुकून खरी जोडणी करायचा प्रयत्न झाला, तरी कुणा परक्याच्या मशीनवर धडक बसत नाही. नावांमध्येही '.टेस्ट' आणि '.इनव्हॅलिड' हे शेवट १९९९ मध्ये असेच राखून ठेवले गेले. मुलीने मनाला येईल तो आकडा टाकला नाही. मला तिच्या मार्कांपेक्षा ही ओळ जास्त बोलकी वाटली.

आणि हे काम डेव्हलपरचंच आहे. पत्ता शोधणारा भाग बदलता यावा म्हणून तो मूळ कोडमधून वेगळा काढून बाहेरून द्यावा लागतो, म्हणजे कोडची रचना समजावी लागते. जावासारख्या मुरलेल्या भाषेत हा भाग बदलण्याची अधिकृत सोय २०२२ मध्ये, अठराव्या आवृत्तीत आली. त्या प्रस्तावात दिलेल्या कारणांमध्ये टेस्टिंगही होतं.

तिलाही एक सांगणं आहे. आपली नक्कल, म्हणजे खोटी उत्तरं देणारा कोड, आपल्याला सुचलेलीच उत्तरं देते. काही इंटरनेट सेवा अस्तित्वात नसलेल्या नावालाही 'नाही' न म्हणता जाहिरातीच्या पानाचा पत्ता देतात, हे नकलेला आपणहून सुचणार नाही. म्हणून खऱ्या नेटवर्कवरच्या मोजक्या टेस्ट वेगळ्या ठेवाव्यात. आणि आपल्या टेस्टमुळे मूळ कोडमधली कोणती चूक सापडली, ते तारखेसह लिहून ठेवावं. मुलाखतीत त्यावर दहा मिनिटं बोलता येतं.

उच्च शिक्षणाची प्रवेश परीक्षा किंवा सीसीएनएसारखं नेटवर्किंगचं प्रमाणपत्र तिला हवं असेल तर इंटर्नशिपनंतरही देता येईल, त्याची घाई नाही. तीन आठवड्यांऐवजी चार महिने झाले आणि तोवर तिला मूळ कोडला हातच लावू दिला नाही, तर तक्रारीला जागा आहे. पण ती तिने तिच्या वरिष्ठांकडे करायची, तुम्ही नाही.

आज संध्याकाळी अर्जांचं सांगा, माफी मागा, आणि ती दोन शब्द बोलली तर एवढंच विचारा : 'गप्प राहा' म्हटल्यावर तुमचा प्रोग्रॅम किती वेळ थांबतो, आणि ते कुणी ठरवलं?