उन्हाळ्याच्या दोन महिन्यांच्या सुट्टीत ८ आणि ११ वर्षांच्या मुलांना कमी खर्चात काय करायला द्यावं?

तुम्ही दोन महिन्यांचं विचारलंय, मी पंधरा दिवसांचं सांगतो. बाकीचे दिवस पत्ते, कॅरम आणि वाळवणातली लुडबूड यांत जातातच, त्याला सल्ला लागत नाही. पण मे महिन्यात महाराष्ट्रात राहून, हाताशी गच्ची असताना मुलांना शून्य सावली (सूर्य नेमका डोक्यावर आल्याने उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते तो क्षण) न दाखवणं हा माझ्या मते करंटेपणा आहे.

शिकलीसवरलेली माणसंसुद्धा छातीठोकपणे सांगतात, "रोज दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो." येत नाही. मुंबईत २२ डिसेंबरला भर मध्यान्हीही मीटरभर काठीची सावली ९२ सेंटिमीटर पडते. आपल्याकडे सूर्य नेमका डोक्यावर वर्षातून दोनदाच येतो. दुसरी वेळ जुलै-ऑगस्टच्या ढगांत वाया जाते, म्हणून मे महिना धरायचा. पणजी २-३ मे, कोल्हापूर ६-७, पुणे १३-१४, मुंबई १५-१६, नाशिक २०, नागपूर २६-२७. दक्षिणेकडून उत्तरेकडे तारीख सरकत जाते, तुमचं गाव त्या अंदाजाने बसवा.

सामान: २ इंची पीव्हीसी पाइपचा ५० सेंटिमीटरचा तुकडा (प्लंबरकडे पडलेला असतो), २ फूट बाय २ फूट प्लायवूड, पांढरी कार्डशीट, एम-सील, दोरा आणि एक जड नट. पाइप तिरका कापला गेला की पुढचं सगळं तिरकं. कापण्याआधी पाइपभोवती कागद गुंडाळायचा, त्याच्या कडा एकमेकींवर तंतोतंत जुळवायच्या आणि कागदाच्या काठाने रेघ मारून त्या रेघेवर कापायचं. प्लायवर कार्डशीट चिकटवून मधोमध पाइप एम-सीलने उभा करा. दोऱ्याला नट बांधला की ओळंबा झाला. तो पाइपशेजारी धरून एकदा समोरून आणि एकदा बाजूने पाहायचं. एकाच बाजूने पाहिलं तर दुसरीकडचा कल कळत नाही.

बहुतेकांचं गणित गच्चीच्या उताराने बिघडतं. पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला उतार दिलेला असतो. शंभरात एक एवढा उतार असला, तरी ५० सेंटिमीटरच्या पाइपचं टोक ५ मिलिमीटर सरकतं, म्हणजे सूर्याची दोन-अडीच दिवसांची चाल. म्हणून फळीवर ताटात पाणी ठेवून पाहा आणि पाणी सगळीकडून काठाशी सारखं येईपर्यंत फळीखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवा. फळीचे चारही कोपरे गच्चीवर खुणा करून ठेवा. रोज तीच जागा, तीच दिशा.

आता दिशा. पाइपच्या मध्यापासून २८ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. सावलीचं टोक वर्तुळाला सकाळी शिवेल तिथे एक खूण, दुपारी शिवेल तिथे दुसरी. मुंबईत या वेळा साधारण पावणेअकरा आणि अडीच. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ, आणि तिच्यावर मध्यातून लंब टाकला की दक्षिणोत्तर. होकायंत्र लागत नाही, घड्याळही नाही. प्राचीन ज्योतिषी शंकू उभारून हेच करत.

तारखेच्या दहा दिवस आधी सुरुवात करा. सावली दक्षिणोत्तर रेघेवर येईल तेव्हा टोकाशी खूण आणि तारीख. पहिल्या दिवशी ती पाइपच्या उत्तरेला अडीच सेंटिमीटरच्या आसपास असेल, मग रोज दोनेक मिलिमीटरने आखडत जाईल आणि तारीख उलटली की दक्षिणेला उगवेल. खरी मजा या बाजू बदलण्यात आहे. एकाच दिवशी गच्चीवर जाऊन फोटो काढणाऱ्यांना ती कळत नाही.

वेळेत मात्र ढिलाई नको. टोक मिनिटाला दोन मिलिमीटर सरकतं. भारताची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते आणि तिथून पश्चिमेला प्रत्येक अंशामागे मध्यान्ह चार मिनिटं उशिरा होते. त्यामुळे मे महिन्यात मुंबईत १२:३५, पुण्यात १२:३१, नागपुरात १२:११. 'बरोबर बारा'वाल्या काकांना मुंबईत बाराला बोलवा. ऐन शून्य सावलीच्या दिवशीही त्यांना सात सेंटिमीटर सावली पश्चिमेला पडलेली दिसेल. मुलांच्या हाती पट्टी द्या आणि त्यांनाच मोजून दाखवू दे. तरीही काका ऐकले नाहीत, तर फळी डिसेंबरपर्यंत माळ्यावर ठेवा. २२ तारखेला हाच पाइप ४६ सेंटिमीटर सावली पाडेल. ती फळीबाहेर जाते, म्हणून बाजूला आणखी एक पुठ्ठा लावावा लागेल.

तारखेवरून मात्र भांडू नका. सूर्यबिंबच अर्ध्या अंशाचं, त्यामुळे सावलीची कड चार-पाच मिलिमीटर धूसर असते आणि एक दिवस अलीकडे-पलीकडे डोळ्यांना सारखंच दिसतं. ढग आले तर आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी पाहा. दिल्लीच्या मावसभावंडांना हे जमणार नाही. तिथे २१ जूनलाही मीटरभर काठीला नऊ सेंटिमीटर सावली राहतेच.

आणि हो, पायात चप्पल, डोक्याला टोपी, दहा मिनिटांत खाली. मान वर करून सूर्याकडे कुणी बघायचं नाही, मोठ्यांनीसुद्धा. आठ वर्षांच्या मुलाला करवत देऊ नका. त्याच्याकडे ओळंबा द्या, तो ते काम अकरा वर्षांच्यापेक्षा चोख करेल.