बेपत्ता, हुतात्मा आणि प्रोषित

प्रश्न आला आहे: १९७१ च्या युद्धात बेपत्ता झालेल्या जवानांना ‘हुतात्मा’ म्हणावं की ‘शहीद’?

दोन्ही नाही! विजय दिन आला की ‘बेपत्ता हुतात्म्यांना श्रद्धांजली’ असे फलक दिसतात आणि माझा तिळपापड होतो. हुत म्हणजे अग्नीत आहुती म्हणून अर्पण केलेलं. ज्याचा देहच मिळाला नाही, त्याची आहुती पडली हे फलक रंगवणाऱ्यानं कसं ठरवलं? सरकारी यादीतले ५४ जण पाकिस्तानच्या कैदेत असावेत असं आपण म्हणतो, पाकिस्तान नाकारतं. २००७ मध्ये १४ नातेवाईक तिथले तुरुंग पाहून आले, हाती काही लागलं नाही. यादीत फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे आहेत. त्यांच्या पत्नी, बॅडमिंटनपटू दमयंती तांबे यांनी त्यांच्या शोधाचा पाठपुरावा वर्षानुवर्षं केला. त्यांच्यासमोर ‘श्रद्धांजली’ म्हणायची कुणाची छाती आहे?

‘बेपत्ता’तला ‘बे’ फारसी, म्हणून शुद्धिवादी ‘अज्ञातवासी’ सुचवतात. साफ चूक. अज्ञातवासात पांडव जाणूनबुजून लपून राहिले होते. हे लोक लपलेले नाहीत.

संस्कृतच हवं असेल तर ‘प्रोषित’ घ्या. काय देखणा शब्द आहे! ‘वस्’ म्हणजे राहणे, त्याचं ‘उषित’. प्र + उषित, घरापासून दूर राहिलेला. प्रवास, वस्ती, उपवास ही याचीच भावंडं. रात्रभर राहिलेलं शिळं अन्न ‘पर्युषित’, तेही याच घरचं. मनुस्मृतीत प्रोषित पतीची वाट किती पाहावी याचा हिशेब आहे: धर्मकार्याला गेला तर ८ वर्षं, विद्येसाठी किंवा यशासाठी ६, कामसुखासाठी ३. ब्रिटिशांच्या १८७२ च्या पुरावा कायद्यानं ७ वर्षं धरली. म्हणजे माणूस मेला असं मानायला कायद्याला आकडा लागतो, पण ‘प्रोषित’ या शब्दात मरण कुठेच नाही. काव्यशास्त्रातली ‘प्रोषितभर्तृका’ ही वाट पाहणारी, विधवा नव्हे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या पार्वतीबाईंनी वैधव्य मानलंच नाही, १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या. तिथे भाऊ ‘प्रोषित’च होते, असं माझं ठाम मत आहे, इतिहासकार काहीही म्हणोत.

बाकी रोजच्या बातमीत ‘युद्धात बेपत्ता’ लिहा. कैदेत असल्याचं सिद्ध झालं तरच ‘युद्धकैदी’. आणि फलकावर ‘श्रद्धांजली’ खोडून ‘स्मरण’ करा.