गेटच्या मोटारीवर पोट भरेल का?

पत्र : मी मुरूड तालुक्यात राहतो. नारळ-सुपारीची लहान वाडी आहे. 2020च्या निसर्ग वादळात बहुतेक सुपारी आडवी झाली, नवीन लावलेली आता कुठे हाताशी येते आहे. मुलगा 21 वर्षांचा, आयटीआय वीजतंत्री पास. वर्षभर अलिबागकडे एका गेट-मोटारवाल्याच्या, म्हणजे बंगल्यांची फाटकं रिमोटने उघडणाऱ्या मोटारी बसवणाऱ्याच्या, हाताखाली जातो, महिना 9,000 रुपये मिळतात. आता म्हणतो, स्वतःचं सुरू करतो, 40,000 द्या. मी म्हणतो, महावितरणच्या भरतीचा अभ्यास कर, नाहीतर तळोज्याला कंपनीत लाग. तोच घरी येऊन सांगतो की खाऱ्या हवेने मोटारी दोन-तीन वर्षांत सडतात. जी वस्तू सडते ती लोक किती दिवस घेणार? आणि दुसऱ्याचं फाटक उघडून देणं हा काय धंदा आहे? – एक वडील

सप्रेम नमस्कार,

तुमचा शेवटून दुसरा प्रश्न मी आधी घेतो. वाडीवाल्या माणसाने तो विचारावा याची जरा गंमत वाटली. विहिरीवरच्या पंपाची मोटार तुम्ही किती वेळा रिवाइंड केलीत? जळली म्हणून कुणी पंप काढून परत रहाट बसवला का? अलिबागकडच्या आपल्या अष्टागरात रहाटाची करकर ऐकू येईनाशी झाली, ती पंप टिकतात म्हणून नव्हे. पंप बिघडला की दुरुस्त करणारा गावातच मिळतो, म्हणून. गेटचंही तेच आहे. एकदा गाडीत बसून रिमोट दाबायची सवय लागली की पावसात उतरून कडी काढायला कुणी तयार नसतं. वस्तू सडते ही अडचण मालकाची. तुमच्या मुलाला त्यातूनच काम मिळतं.

अट एकच, सडलेलं काय आणि का, हे त्याला कळलं पाहिजे. मी आयटीआयत निदेशक होतो तेव्हापासून पाहतोय, या कामात दोन जातीची माणसं आहेत. एक मोटार बसवतात आणि बिघडली की नवी बसवायला सांगतात. दुसरी जुलैत फोन केला तर येतात. पहिल्यांची गर्दी आहे. तुमचा मुलगा कुठल्या बाजूला जाणार, यावर बाकी सगळं अवलंबून आहे, म्हणून जरा तपशिलात लिहितो. पत्र त्याच्यासमोर मोठ्याने वाचा.

मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंतच्या बंगल्यांचे मालक बहुतेक मुंबईचे. मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली आणि गाडीसकट येणारे वाढले. हे लोक शुक्रवारी रात्री येतात, रविवारी जातात. मधले पाच दिवस गेट बंद. रोज दहा वेळा चालणाऱ्या मोटारीपेक्षा अशी बंद बसलेली मोटार खाऱ्या हवेत लवकर खराब होते. आतला दमटपणा निघत नाही, ग्रीस घट्ट होतं, रिलेच्या, म्हणजे मोटार चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, पॉइंटवर गंज धरतो. म्हणून या धंद्याचा फोन शुक्रवारी रात्री नऊला येतो, गाडी गेटबाहेर उभी असताना. लग्न ठरवताना मुलीकडच्यांना हे आधी सांगून ठेवा, शनिवार-रविवार नवरा घरी नसेल!

आता कव्हर उघडल्यावर काय दिसतं ते सांगतो. किनाऱ्यापासून दोनेकशे मीटरवरच्या एका बंगल्यात एका माजी विद्यार्थ्याबरोबर गेलो होतो. सरकत्या गेटची मोटार. कव्हर काढलं तर ॲल्युमिनियमच्या बॉडीवर पिठासारखी पांढरी पूड, तांब्याची टर्मिनलं हिरवी, मोटार चालवणाऱ्या सर्किट बोर्डाच्या कोपऱ्यात मुंग्यांची अंडी आणि दोन टर्मिनलांच्या मध्ये वाळून कोळ झालेली पाल. पालीने शॉर्ट केलं हे उघड होतं. पण त्या घराचा बोर्ड वर्षभरात दोनदा बदललेला होता, आणि दर वेळी काही पाल नव्हती. पोराने बराच वेळ बघून बोट दाखवलं ते खालच्या पाइपाकडे. केबल आणणारा पीव्हीसी पाइप जमिनीतून सरळ मोटारीच्या पोटात उघडा येत होता. जमिनीतली वाफ रात्रभर त्या पाइपातून वर चढायची आणि बोर्डावर दवासारखी बसायची. मुंग्यांचा आणि पालीचा रस्ताही तोच. त्याने पाइपाचं तोंड सीलिंग पुटीने बुजवलं, केबल ग्लँडमधून घेतली, बोर्ड साफ करून त्यावर कोटिंगचा स्प्रे मारला. शंभर-दोनशेचं सामान. आधीच्या माणसाने दोन बोर्ड विकले होते.

याला मी दुरुस्ती म्हणतो.

दुसरी गोष्ट मुलाला माहीत असेल, तरी विचारा : मोटार चालत नाही अशी तक्रार आली की सगळ्यात आधी काय करतोस? तो मल्टिमीटर काढतो म्हणाला तर अजून कच्चा आहे. आधी किल्लीने क्लच सोडायचा, म्हणजे मोटार गेटपासून सुटी करायची, आणि गेट हाताने ढकलून बघायचं. एका हाताने सरकलं तर मोटारीकडे वळायचं. नाही सरकलं तर दोष मोटारीचा नाही. किनाऱ्यावर ट्रॅकमध्ये वाळू भरते, चाकांचे बेअरिंग खाऱ्या हवेने जाम होतात, आणि सगळा भार बिचाऱ्या मोटारीवर येतो. कपॅसिटर जातो, मग वाइंडिंग जातं. चाकं झिजून गेट खाली बसलं की रॅक, म्हणजे गेटवरची दातेरी पट्टी, पिनियनवर, म्हणजे मोटारीच्या दातेरी चाकावर, टेकते. दोन्हींमध्ये एक-दोन मिलिमीटर फट हवी, नाहीतर गेटचं वजन मोटारीच्या शाफ्टवर येऊन दात खाल्ले जातात. मोटार जळाली असं ज्याला म्हणतात त्यातलं बरंचसं खरं म्हणजे चाक जाम झालेलं असतं. म्हणून वीजतंत्र्याने वेल्डिंग शिकावं असं माझं ठाम मत आहे. चाकाची जागा बदलायला, बिजागरी सरळ करायला प्रत्येक वेळी फॅब्रिकेशनवाल्याची वाट बघत बसला तर दिवसाची दोन कामंही होणार नाहीत.

आपल्याकडच्या खांबांची गोष्ट वेगळीच. बाहेरच्या कंपनीचं माहितीपत्रक वाचून आलेला माणूस चिऱ्याच्या खांबात अँकर फास्टनर ठोकतो. जांभा सच्छिद्र आणि मऊ. दोन पाखांच्या गेटला आर्म मोटार, म्हणजे खांबावरून दांड्याने पाख ढकलणारी मोटार, लावली की ती दर उघडझापीला खांबाला रेटा देते. वर्षभरात फास्टनर सैल होतो, ब्रॅकेट हलायला लागतं, आणि मालक म्हणतो मोटार आवाज करते. तिथे एकतर काँक्रीटचा खांब ओतून घ्यावा, नाहीतर चिऱ्याच्या आरपार बोल्ट घालून मागून पट्टी द्यावी. बोल्ट स्टेनलेसचे घेतले म्हणून निश्चिंत होऊ नये. 304 ग्रेडवर समुद्राजवळ तपकिरी डाग येतात. 316 घ्यावा, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला तोंड देतं. आणि ॲल्युमिनियमच्या बॉडीत स्टेनलेस बोल्ट कोरडा पिळू नये. दोन धातू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे बॅटरीच झाली; दोन वर्षांनी तो बोल्ट निघत नाही, तुटतो. ग्रीस लावून बसवायचा. गेट कुठे थांबायचं ते ठरवणारा लिमिट स्विच स्प्रिंगवाल्यापेक्षा चुंबकवाला बरा. मध्ये कुणी आलं की गेट थांबवतो त्या फोटो सेन्सरच्या भोकात कुंभारमाशी घर करते आणि गेट अर्ध्यात थांबून परत उघडतं. टाचणीने माती काढली की काम झालं. अशा फेरीचे किती घ्यायचे हा मात्र अवघड प्रश्न आहे, त्याकडे खाली येतो.

मे महिन्यातल्या आणि परतीच्या पावसातल्या विजा. जांभ्याच्या कातळात अर्थिंग नीट लागत नाही, उन्हाळ्यात तर खड्डा कोरडा ठक्क असतो. विजेच्या झटक्यापासून वाचवणारं सर्ज प्रोटेक्शन बसवायचं आणि त्याला अर्थिंगच नसेल तर ते पेटीतली शोभा. अर्थचं रीडिंग घेऊन मालकाला लिहून देणारा माणूस मला अजून फार भेटलेला नाही. तुमचा मुलगा ते करायला लागला तर त्याचं नाव आपोआप होईल.

एक गोष्ट मात्र तुम्ही बाप म्हणून बजावून सांगा. हे फाटक 400-500 किलोचं असतं. शेवटचा स्टॉपर नसेल किंवा वरचा गाइड रोलर गंजून निखळला असेल तर सरकतं गेट ट्रॅकच्या बाहेर जाऊन आडवं पडतं, आणि खाली बहुतेक वेळा वॉचमन किंवा लहान मूल असतं. स्टॉपर नसलेल्या गेटला मोटार बसवायची नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. मालक म्हणतो, फोटो सेन्सर सारखा त्रास देतो, काढून टाक, वायर जोडून दे. जोडायची नाही. युरोपातल्या नियमांत, गेट माणसाला लागलं तर चिमटीत 400 न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण 40 किलोच्या भारापेक्षा जास्त दाब क्षणभरही येता कामा नये असं धरलेलं आहे. आपल्याकडे गेट जड चालतं म्हणून बोर्डावरचा फोर्स, म्हणजे मोटारीचा जोर, पूर्ण फिरवून ठेवतात. जाम चाकाचं पाप तिथे झाकलं जातं.

आणि दर गिऱ्हाइकाला क्लचची किल्ली कुठे आहे ते दाखवून यायचं. निसर्गनंतर कित्येक दिवस वीज नव्हती तेव्हा मी असे बंगले पाहिले, जिथे झाड कापायला आलेली माणसं बाहेर आणि गेट बंद. किल्ली मुंबईच्या फ्लॅटमधल्या खणात.

आता पैशाचं. नवीन मोटार बसवण्यात एकदम रक्कम दिसते, म्हणून पोरांची नजर तिकडे जाते. पण माल घ्यायला पैसे अडकतात, मालक अर्धे देतो आणि अर्धे दिवाळीला. महिना चालतो तो वार्षिक देखभालीच्या करारावर. समजा त्याने 40 गेटं धरली आणि वर्षाला प्रत्येकी 4,000 घेतले, तर 1,60,000 होतात, म्हणजे महिना 13,000च्या आसपास. त्यातून पेट्रोल जाणार. हे श्रीमंतीचं गणित नाही, पण याच्यावर सुटं सामान, जादा फेऱ्या आणि अधूनमधून एखादं नवीन काम येतं. कराराच्या कागदावर तीन ओळी हव्यात : वर्षाला किती फेऱ्या, वीज पडून झालेलं नुकसान धरलेलं नाही, आणि कुंभारमाशीसारख्या किरकोळ कामालाही येण्याचे पैसे लागतील. ओळखीच्या माणसाकडून कसे मागायचे, असं म्हणत आपल्याकडची पोरं इथेच बुडतात. एक फेरी मेच्या शेवटी, पावसाआधी, आणि एक ऑक्टोबरात, हे ठरलेलंच असावं.

महावितरणचं म्हणाल तर तुमचं चुकत नाही. फॉर्म भरू दे, वयाची अट पाहून घ्या. परीक्षेचा अभ्यास आणि हे काम एकत्र जमतं. नोकरी लागली तर आनंदच. पण भरती निघेपर्यंत घरी बसवू नका, आणि तळोज्यात पाठवलंत तरी भाडं-खाणावळ वजा जाता हातात काय उरेल ते आधी मांडून बघा. ॲप्रेंटिसशिप केली नसेल तर तिचा विचार जरूर करावा. वर्षभर मोठ्या कारखान्याच्या देखभाल खात्यात राहिला तर मोटार आणि पॅनेलचं काम जे अंगवळणी पडेल ते गेटवाल्या उस्तादाकडे पडणार नाही. शिवाय वायरमन परवान्यासाठी अर्ज करू दे. नुसती मोटार बसवायला कुणी परवाना विचारत नाही, पण मीटरपासून गेटपर्यंत वेगळी लाइन ओढायची वेळ येते तेव्हा विचारतात, आणि अपघात झाला तर नक्कीच विचारतात.

40,000 आत्ता देऊ नका. मुलाला राग येईल, येऊ दे. त्याला एक दोनशे पानी वही द्या. हा पावसाळा उस्तादाकडेच काढायचा, आणि रोज रात्री लिहायचं : कुठलं गाव, समुद्रापासून किती लांब, कुठली मोटार, तक्रार काय होती, खरा दोष काय निघाला, सामान किती, मजुरी किती, गाडी किती फिरली. तक्रार आणि खरा दोष हे दोन रकाने वेगळे ठेवायचे. ऑक्टोबरात ती वही घेऊन दोघं माझ्याकडे या. शंभरेक नोंदी असतील तर 40,000चं काय करायचं ते आपल्याला तिथेच वाचता येईल. बँकेकडे जायचं ठरलं तर मुद्रा योजनेत शिशु गटाला 50,000पर्यंत कर्ज मिळतं, त्यालाही अशी वही कोटेशनपेक्षा जास्त उपयोगी पडते.

उस्तादाला न सांगता त्याची गिऱ्हाइकं उचलायची नाहीत, एवढं मात्र आताच ठरवून घ्या. किहीम-आवासचा टापू लहान आहे, संध्याकाळपर्यंत कळतं. त्यापेक्षा तुमच्याच बाजूला, मुरूड-काशीदकडे नवे बंगले उठताहेत आणि तिथे अलिबागहून माणूस यायला दीड तास लागतो. सुरुवात तिथून.

आणि हत्यारं घ्यायची वेळ येईल तेव्हा पक्कड-पाने जुन्या बाजारातले चालतील. इन्सुलेशन तपासणारा मेगर आणि करंट मोजणारा क्लॅम्प मीटर नवेच घ्या, बिलासकट.