ब्राझीलियाला सहकुटुंब जाताय? पीतज्वराच्या लसीचं आधी बघा

‘ब्राझील भारतीयांकडे लसीचा दाखला मागत नाही असं ट्रॅव्हल एजन्सी म्हणते, मग सासूबाईंना आणि मुलांना उगाच कशाला टोचायचं?’ हा तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. व्हिसा, विमा, पैसे यांचं तुम्ही बघितलं असणारच, ते सोडते.

एजन्सी सांगते ते खरं आहे, पण अर्धंच. दाखला जाताना लागत नाही, येताना लागतो, आणि तो मागतो आपलाच देश. पीतज्वर, म्हणजे यलो फीव्हर, भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, म्हणजे आपला डेंग्यूचाच डास, घरोघरी आहे. विषाणू एकदा आत आला तर काय होईल या भीतीने आपले नियम कडक आहेत. ब्राझील पीतज्वराच्या देशांच्या यादीत आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि वैध दाखला नसेल, तर ते सहा दिवस पुरे होईपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

आम्हालाही एका एजन्सीने नेमकं हेच उत्तर दिलं होतं, तेही दोनदा विचारल्यावर. परतताना मुंबई विमानतळावर आरोग्य विभागाच्या टेबलाशी पिवळं पुस्तक, म्हणजे लसीचा दाखला, मागितलं तेव्हा आमच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. बाहेर दीर गाडी घेऊन उभे, आत मुलं पेंगुळलेली, आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत, आणि आमची रवानगी विलगीकरणात. तिथले डॉक्टर सौजन्याने वागले, त्यांचा काहीच दोष नव्हता. एजन्सीला फोन केला तर उत्तर आलं, ‘मॅडम, तुम्ही ब्राझीलचं विचारलंत, भारताचं नाही.’ मुलीची चाचणी परीक्षा बुडाली, नवऱ्याची रजा बिनपगारी झाली. एजन्सीने साधी दिलगिरीही व्यक्त केली नाही. परतीचं तिकीट विकणाऱ्याला परतीचे नियम ठाऊक असलेच पाहिजेत, याबाबत मी अजिबात नमतं घेणार नाही.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे पुढचं तुमच्या डॉक्टरांशी बोलून पक्कं करा. दाखला लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून वैध होतो. लस ठरावीक अधिकृत केंद्रांवरच मिळते आणि तिथे तारीख मिळायला वेळ लागतो. तुमच्याकडे निघायला तीन आठवडे आहेत, म्हणजे हे याच आठवड्यात व्हायला हवं. ही जिवंत विषाणूची लस आहे. धाकट्याला नुकतीच गोवर-रुबेलाची दिली असेल तर आधी सांगा, दोन्हींत साधारण चार आठवड्यांचं अंतर ठेवतात. अंड्याची तीव्र अॅलर्जी असेल तर तेही सांगा. सासूबाई साठीच्या पुढच्या आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्या वयात पहिल्यांदा लस घेताना धोका थोडा जास्त असतो, म्हणून त्यांना आधी डॉक्टरांकडे न्या, मग केंद्राची तारीख घ्या. डॉक्टर नको म्हणाले तर परतल्यावर काय होईल ते विमानतळ आरोग्य कार्यालयाला लेखी विचारा, एजन्सीला नाही. दाखल्यावरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक केंद्रातच ताडून पाहा, आणि मूळ प्रत हातातल्या पिशवीत ठेवा. २०१६ पासून एकदाच घेतलेली लस जन्मभर चालते, त्यामुळे हा खटाटोप वाया जाणार नाही. शिवाय तिथल्या आजारापासून संरक्षण मिळतं ते वेगळंच. ब्राझीलियाच्या परिसरात जाणाऱ्यांना लस घ्याच असं सांगितलं जातं.

आता शहराविषयी. १९६० साली ब्राझीलची राजधानी म्हणून उभं राहिलेलं हे शहर नगररचनाकार लुसिओ कोस्ता यांनी मोटारींसाठीच आखलंय. नकाशावर कॅथेड्रलपासून संसदेपर्यंत सरळ चालत जाता येईल असं वाटतं, पण सासूबाईंना घेऊन भर उन्हात तसं करू नका, टॅक्सी घ्या. पहिल्या दिवशी टीव्ही टॉवरवर जा. वरून आखणी दिसली की मुलांना पुढचं सगळं समजतं.

बहुतेक लोक वास्तुकार ऑस्कर निमायरच्या पांढऱ्या इमारतींचे फोटो काढून परततात. माझ्या मते मुलांसाठी खरी जागा म्हणजे दक्षिणेकडची सुपरक्वाद्रा ३०८, म्हणजे तिथली एक निवासी वसाहत. खांबांवर उचललेल्या सहा मजली इमारती, खाली मोकळी जमीन, झाडं, माशांचं तळं. आमची मुलं तिथून हलायला तयार नव्हती. जवळच १९५८ चं छोटं चर्च आहे, आतोस बुलकाऊं या कलाकाराच्या निळ्या-पांढऱ्या फरशांचं. रविवार हाताशी ठेवा. त्या दिवशी एशाऊं हा मधला मोठा रस्ता वाहनांना बंद असतो आणि माणसं सायकली, मुलं, कुत्री घेऊन उतरतात.

शाकाहारी असाल तर वजनावर जेवण देणाऱ्या खाणावळी शोधा. जे ताटात वाढून घ्याल त्याचे पैसे, त्यामुळे भात, भाज्या, कोशिंबिरी बघून घेता येतात. राजम्यासारख्या उसळीत मात्र बरेचदा डुकराचं मांस असतं, विचारून घ्या. जुलैत हवा फार कोरडी असते. आमच्या धाकट्याचा घोळणा फुटला होता, तेव्हा नाकाला लावायचं मलम आणि पाण्याच्या बाटल्या जवळ असू द्या.

सासूबाईंचे डॉक्टर काय म्हणाले ते इथे नक्की लिहा.