आजीचं नाव त्या यादीत लिहू नकोस

चि. मुली,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं. साडेतीन पानं देवाच्या न्यायाबद्दल आणि शेवटी चार ओळी आजीबद्दल. खरं पत्र त्या चार ओळींतच आहे. आजीने बाप्तिस्मा घेतला नाही, मरेपर्यंत गळ्यात तुळशीची माळ होती, आणि तिच्या दहाव्यानंतरच्या रविवारी संडे स्कूलच्या बाईंनी तुला सांगितलं की बायबलच्या वचनाप्रमाणे ती नरकात आहे. ज्या भिंतीवर ‘देव प्रीती आहे’ असं रंगवलंय, तिच्याच खाली बसून तू हे ऐकलंस.

मी तेवीस वर्षांचा असताना असाच बोललो होतो. वाडीवरचा एक शेतकरी बाप्तिस्म्याच्या वर्गाला यायचा. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा विहिरीत बुडाला. मी भेटायला गेलो तेव्हा तो ओट्यावर घायपाताचा दोर वळत बसला होता. म्हणाला, “मास्तर, माझं पोरगं कुठंय आता?” मी एका दमात दोन वचनं सांगितली. त्याचे हात थांबले. वळलेला पीळ सुटत सुटत मांडीवर उलगडला. “बरं,” एवढंच म्हणाला. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तो पुन्हा कधी आला नाही. मला माहीत नसलेली गोष्ट मी वचन पुढे करून ठामपणे सांगितली होती. ते ओझं अजून उतरलेलं नाही.

म्हणून सांगतो, नरकाच्या यादीत कुणाचं नाव लिहायचा अधिकार तुला नाही, मला नाही, त्या बाईंना नाही. कॅथलिक मंडळी कितीतरी संतांची नावं जाहीर करते. पण अमुक माणूस नरकात आहे असं तिने आजवर एकाही नावाबद्दल अधिकृतपणे सांगितलेलं नाही. येशूला धरून देणाऱ्या यहूदाबद्दलसुद्धा नाही.

आता शब्दाकडे बघ. आपल्या शास्त्रात जिथे येशूच्या तोंडी ‘नरक’ आहे, तिथे मुळात बहुतेक ठिकाणी ‘गेहेन्ना’ आहे, म्हणजे हिन्नोमाचं खोरं. यरुशलेमच्या दक्षिणेला ते आजही आहे. त्या खोऱ्यात एके काळी लोकांनी स्वतःची मुलं अग्नीत होमली. बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा सातवा अध्याय काढ. देव म्हणतो, हे मी सांगितलं नव्हतं, माझ्या मनातही कधी आलं नव्हतं. ज्या देवाला पोरं जाळणं मनातही आणवत नाही, त्याच्या नावाने मी एका बापाला त्याचं पोर जळतंय असं सांगून आलो.

हा प्रश्न विचारणारी तू पहिली नाहीस. आपल्या लोकांच्या पहिल्या पिढीचा तो घरचा प्रश्न होता: आम्ही प्रभूकडे आलो, पण आमचे आजे-पणजे? नगरला १८७८ साली सेमिनरी, म्हणजे धर्मशिक्षणाची शाळा, सुरू करणारे अमेरिकन मिशनरी रॉबर्ट ह्यूम मुंबईत जन्मलेले. १८८६ साली ते रजेवर अमेरिकेत गेले होते. सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, न ऐकताच मेलेल्यांना मरणानंतर ख्रिस्त भेटेल, अशी आशा धरणाऱ्यांची बाजू त्यांनी तिथे घेतली. त्यावरून त्यांच्या मिशन बोर्डाने त्यांचं परतणं अडवून धरलं. पुढच्या वर्षी परवानगी मिळाली आणि ते नगरला परत आले. ही आशा धरली म्हणून तुला कुणी पाखंडी म्हटलं, तर त्यांना हे सांग.

पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला अजिबात पटलं नाही. ‘मग नरक नाहीच असं मानू या.’ इतक्या सहज? आपल्या पणज्यांना ज्या आडावर ओंजळभर पाणी मिळालं नाही, त्या आडाच्या मालकांचा हिशोब कुणीच विचारणार नाही? मत्तयाच्या शुभवर्तमानातला शेवटच्या न्यायाचा पंचविसावा अध्याय सावकाश वाच. सार्वकालिक अग्नीची सगळ्यात कठोर भाषा तिथे आहे, आणि ती तहानलेल्याला पाणी न देणाऱ्यांसाठी आहे. बाप्तिस्म्याचं रजिस्टर तिथे कुणी उघडत नाही. आणि दोन्ही बाजूंची माणसं चकित होतात: प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? स्वतःचं नाव कुठे लिहिलंय हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी दुसऱ्याचं लिहायचं?

तर मग प्रेम आणि नरक एकत्र कसे? माझ्यापाशी एकच चित्र आहे. येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला भाऊ. धाकटा सगळं उधळून घरी परतलाय, म्हणून बापाने मेजवानी दिली आहे. आत वाजंत्री चालली आहे, जेवण मांडलंय, आणि तो रागाने अंगणात उभा. बाप बाहेर येऊन त्याची विनवणी करतो. दंडाला धरून ओढत नाही. तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलं नाही. मला नरक त्या अंगणासारखा वाटतो, आणि बाप तिथेही बाहेर आलेला दिसतो. तो किती वेळ विनवत राहील, याची मुदत मी ठरवणार नाही.

हेच मी एका उपासनेत बोललो, तेव्हा पंचांनी मला बोलावून घेतलं. वर्षभर उपदेश बंद. लोक म्हणाले, मास्तर मऊ झाले. मऊ? दोन वचनं फेकून ओट्यावरून उठून येणं सोपं होतं. तिथे त्याच्याशेजारी गप्प बसायला मला जमलं नव्हतं. त्या वर्षाबद्दल मला खंत नाही. आज विचारलं तरी तेच बोलेन.

आणि बाईंवरचा राग आता पुरे. तू लिहिलंस, ‘असं बोलणाऱ्यांनाच तिथे पाठवायला हवं.’ बघ, तूही लेखणी उचललीस. त्यांचंही नाव लिहायचं नाही. त्यांना भेट. उत्तर द्यायला जाऊ नकोस. आजी उन्हाळ्यात दारात वाटसरूंसाठी रांजण भरून ठेवायची, आणि शाळेतून आल्यावर तुला त्याच्यावर लाकडी झाकण ठेवायला सांगायची, ते त्यांना सांग. मला सांगितलंस तसंच.

तुझा,
मास्तर काका