विकास आराखड्यात आमच्या प्लॉटवर बागेचं आरक्षण दाखवलंय. हे ठरवतं कोण, आणि आता काय करता येईल?

महाराष्ट्रात हे सगळं १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार चालतं. आधी सध्याच्या जमीन वापराचा नकाशा होतो, मग पुढच्या साधारण २० वर्षांची लोकसंख्या धरून रस्ते, शाळा, बागा यांच्या जागा ठरतात. महापालिका किंवा नगरपालिका प्रारूप (म्हणजे कच्चा) आराखडा प्रसिद्ध करते, हरकतींवर नियोजन समिती सुनावणी घेते आणि अंतिम मंजुरी राज्य शासन देतं.

तुमचा आराखडा अजून प्रारूप असेल तर नोटिशीतल्या मुदतीत लेखी हरकत द्याच. सोबत सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मोजणीचा नकाशा आणि भाग नकाशाची (म्हणजे आराखड्यातल्या आपल्या भागाच्या नकाशाची) प्रत जोडा. भाग नकाशावर आपला सर्व्हे नंबर स्वतः शोधून बघा; कधी कधी आरक्षणाची रेष शेजारच्या गटातून जात असते आणि माणूस उगाच हबकतो. पोच घ्यायला विसरू नका.

आराखडा मंजूर झालेला असेल तर मोबदल्यात रोख रक्कम, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा चटई क्षेत्र (जादा बांधकामाची परवानगी) मिळू शकतं. आणि अंतिम आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली तरी संपादन झालं नसेल, तर कलम १२७ ची खरेदी सूचना, म्हणजे जमीन घ्या असं कळवणारी नोटीस, पालिकेला बजावा. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. ही सूचना मात्र वकिलाकडूनच लिहून घ्या. मालकीचे कागद अपुरे असले की ती तिथेच अडकते.