पीएचडीचं चौथं वर्ष, हातात एकच प्रकरण

नाशिकच्या पंचवटीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या मॅडम पिशवीभर झेरॉक्स घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आल्या होत्या. विषय द्राक्षबागेतल्या मजूर स्त्रियांची मजुरी. पार्ट-टाइम पीएचडीचं चौथं वर्ष सरत आलेलं आणि लिहून झालेलं एकच प्रकरण. "नोकरी, घर, सासूबाईंचं दुखणं. नोंदणी रद्द होईल का? सोडूनच देऊ का?"

सोडायचं की नाही ते नंतर. आधी प्रवेशपत्रावरची तारीख काढली. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांनुसार मुदत प्रवेशापासून मोजतात: किमान 3 वर्षं, जास्तीत जास्त 6. कोर्सवर्कही त्यातच येतं, हे पुष्कळजण विसरतात. पुनर्नोंदणी करून 2 वर्षं वाढवून मिळू शकतात, स्त्रियांना त्यावर आणखी 2. म्हणजे वाढीव मुदत न धरताही मॅडमच्या हातात दोन वर्षं होती.

मग एनओसी, म्हणजे नोकरीच्या संस्थेचं ना-हरकत पत्र. प्रवेशाच्या वेळी दिली आणि विसरल्या. त्यात लिहिलेलं असतं की अर्धवेळ संशोधनाला परवानगी आहे आणि नोकरी सांभाळून त्यासाठी पुरेसा वेळ मिळतो. परीक्षा समितीतून एका सत्रापुरती सूट मागताना तीच प्रत अर्जाला जोडायला सांगितली. तोंडी विनवणीपेक्षा संस्थेनंच दिलेला कागद जड पडतो.

खरी गाठ फील्डवर्कमध्ये होती. "दिवाळीच्या सुट्टीत निफाडला जाऊ" असं म्हणत तीन दिवाळ्या गेल्या. एकदा गेल्याही, पण निम्म्या प्रश्नावल्या कोऱ्या राहिल्या. कारण साधं आहे: गोडी छाटणीचा, म्हणजे फळासाठीच्या छाटणीचा, जोर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांच्या टोळ्या दिवाळीला घरी परतलेल्या, आणि छाटणीचा दर विचारायचा तर बाग रिकामी. संशोधकाची सुट्टी आणि बागेचा हंगाम जुळत नाही. जुळवून घ्यायचं ते संशोधकानं.

त्यामुळे छाटणीच्या काळातले सहा रविवार ठरवले, दर रविवारी पाच मुलाखती. काम चालू असताना कुणी बोलत नाही. भाकरी सोडायच्या वेळी अर्धा तास मिळतो, नाहीतर संध्याकाळी झोपडीवर. एवढ्या वेळात 64 प्रश्न होत नाहीत, 22 होतात. "तुमचं मासिक उत्पन्न किती?" हा प्रश्न तर काढूनच टाकला, तिथे हिशेब एकरावर किंवा रोजावर चालतो. उत्तरं त्याच रात्री एक्सेलमध्ये भरायची, आठवड्यानं आपलंच अक्षर लागत नाही.

प्रश्नावली बदलायची तर गाइडची संमती हवी. आणि गाइडना मॅडमनी सात महिने फोनच केला नव्हता. लाज वाटत होती, म्हणे. हे फार जणांचं होतं, आणि वेळेच्या टंचाईपेक्षा यानंच जास्त प्रबंध अडतात. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. गाइडशीच अबोला असेल तर मांडणार काय?

माफीनामा नको, चारच ओळी लिहा, असं सुचवलं. मॅडमनी तिथेच मोबाइलवर लिहिलं: "सर, पहिलं प्रकरण पूर्ण आहे. फील्डवर्क अडलं आहे. प्रश्नावली 64 वरून 22 वर आणायची आहे. ती घेऊन कधी येऊ?"

पंधरा मिनिटांत उत्तर आलं. "शनिवारी 3 वाजता. जुनी प्रश्नावलीही आणा."